पॅड आणि डिस्क बदलूनही ब्रेकची थरथर परत येते तेव्हा: ऑफ-रोड गाडीसाठी समस्या निवारण

नवे पॅड आणि नव्या डिस्क बसवल्या की गाडी सुरुवातीला अगदी सफाईने थांबते. मग एखाद्या उतारावर ब्रेक लावताना पेडलखाली हलकी धडधड जाणवू लागते आणि आणखी काही हजार किलोमीटर झाले की स्टिअरिंगच हातात थरथरते. चिखल, ओढे, दगडगोटे आणि लांबलचक उतार यांतून चालणाऱ्या गाड्यांमधला हा दोष मी वारंवार दुरुस्त केला आहे. गाडी माझ्यापर्यंत येते तेव्हा बहुधा त्याआधी एकदा तरी पॅड-डिस्कचा संपूर्ण संच बदललेला असतो, आणि मालकाचा प्रश्न एकच असतो, की आता कोणते पॅड आणि कोणती डिस्क घेऊ. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे दिले आहे. परंतु परत परत येणारी थरथर बहुतेक वेळा डिस्कमध्ये जन्म घेत नाही. डिस्क ज्या हबवर टेकते तो हब, पॅड ज्यात सरकतात तो कॅलिपर आणि चाकाचे नट ज्या ताकदीने आवळले जातात ती ताकद, या तीनपैकी कुठेतरी तिचे मूळ असते. ते मूळ तसेच ठेवून कितीही चांगली डिस्क घातली तरी तीही काही काळाने तशीच होते.

लक्षणे

आधी गाडी नेमके काय करते ते नीट पाहावे, कारण पुढच्या सगळ्या तपासण्यांची दिशा त्यावरून ठरते. ब्रेक लावल्यावरच थरथर येत असेल आणि पेडल सोडताच ती थांबत असेल, तर दोष ब्रेकमध्ये आहे असे धरून चालावे. ब्रेकला पाय न लावताही ठरावीक वेगाला गाडी थरथरत असेल, तर तो चाकाच्या संतुलनाचा, टायरचा किंवा स्टिअरिंगच्या सांध्यांचा दोष आहे आणि त्यासाठी पॅड-डिस्कवर खर्च करणे व्यर्थ आहे. ब्रेक लावताना स्टिअरिंग हलत असेल तर पुढच्या चाकांकडे आधी पाहावे. आसन आणि फरशी हलत असेल पण स्टिअरिंग शांत असेल, तर मागच्या चाकांचा संशय घ्यावा.

ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका बाजूचा कॅलिपर नीट काम करत नाही किंवा एका बाजूच्या पॅडला तेल अथवा ग्रीस लागले आहे. लांब उतारावर पेडल पूर्वीइतकेच घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून घर्षण गमावत असतात. त्याच उतारावर पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत. ही दोन लक्षणे वरवर सारखी वाटतात, परंतु पहिल्याचा उपाय पॅडमध्ये आहे आणि दुसऱ्याचा ऑइलमध्ये, म्हणून त्यांची गल्लत होऊ देऊ नये. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर सतत येत असेल तर पॅड संपले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी गाडी न चालवता आधी पॅड पाहावेत.

हत्यार न लावता करता येण्याजोग्या तपासण्या

सर्वांत स्वस्त तपासणीला फक्त पाणी लागते. चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसून वाळला की चाकाचे संतुलन पार बिघडते आणि गाडी वेगात अशी हादरते, की नवख्या माणसाला ब्रेकच गेले असे वाटते. रिमची आतली बाजू, कॅलिपरचा परिसर आणि डिस्कच्या दोन पाळ्यांमधल्या हवेच्या वाटा धुऊन काढाव्यात आणि मग गाडी चालवून पाहावी. धुण्याआधी डिस्क पूर्ण थंड होऊ द्यावी. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडले तर त्यात ताण निर्माण होतो आणि आधीच बारीक तडे असतील तर ते वाढतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पेडलखालची धडधड नेमकी कुठल्या पृष्ठभागावर जाणवते ते पाहणे. सैल खडी, वाळू किंवा ओल्या गवतावर जोरात ब्रेक लावताना पेडल जलद गतीने थडथडत असेल, तर ते एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, नेहमीचे काम आहे. कोरड्या, पक्क्या आणि मोकळ्या रस्त्यावर हलका ब्रेक लावला असता थडथड येत नसेल, तर डिस्कला दोष देण्याचे कारण नाही.

ओल्या अवस्थेत उभ्या केलेल्या गाडीच्या डिस्कवर रात्रीतून गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या काही थांब्यांमध्ये तो घासून निघतो आणि आवाजही जातो, त्याची काळजी करू नये. गाडी अनेक आठवडे तशीच उभी राहिली असेल तर गोष्ट वेगळी असते. पॅडच्या खाली झाकलेला भाग आणि उघडा भाग यांवर गंज वेगवेगळा चढतो, डिस्कवर पॅडच्या आकाराचा ठसा स्पष्ट दिसतो आणि तो ठसा पुढे थरथरीचे कारण होतो. म्हणून ओढा ओलांडून आल्यावर गाडी लगेच उभी करून ठेवू नये. हलका ब्रेक दाबत थोडे अंतर चालवून पॅड आणि डिस्क कोरड्या कराव्यात.

खरखर किंवा किणकिण वळणावर बदलत असेल किंवा गाडी मागे घेताच जात असेल, तर डिस्क आणि तिच्या मागचा पातळ पत्रा यांमध्ये खडा अडकलेला असतो किंवा दगड लागून पत्रा वाकलेला असतो. डिस्कपासून पत्रा हळूच मागे वाकवला की बहुतेक वेळा काम होते. हा पत्रा काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात, मी तो देत नाही, कारण डिस्कच्या आतल्या तोंडावर थेट उडणारा चिखल आतला पॅड फार लवकर खातो.

मागची चाके की पुढची, हे ठरवण्यासाठी मोकळ्या जागी कमी वेगात हँडब्रेक हळूच ओढून पाहण्याची युक्ती सांगितली जाते. ती सर्व गाड्यांना लागू पडत नाही. अनेक गाड्यांत हँडब्रेकसाठी मागच्या डिस्कच्या पोटात वेगळा छोटा ड्रम असतो, त्यामुळे डिस्कविषयी काहीच कळत नाही. लँड रोव्हर डिफेंडरच्या जुन्या मॉडेलांसारख्या गाड्यांत तर हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो आणि तो गाडी चालू असताना ओढणे धोक्याचे आहे. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे माहीत असल्याशिवाय ही युक्ती वापरू नये.

चाकाचे नट

आता पहिल्या हत्याराची गरज लागते आणि ते म्हणजे टॉर्क रेंच. पंक्चर काढताना चाकाचे नट हवेच्या गनने आवळले जातात. एखादा प्रचंड घट्ट, शेजारचा त्याच्या निम्म्याने. डिस्क ही हब आणि चाक यांच्यामध्ये चिमटलेली असते, त्यामुळे असमान आवळणीने तिचे पोट किंचित वाकते आणि ती फिरताना सरळ राहत नाही. सगळे नट सैल करून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला, समोरासमोरच्या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. पाच नट असतील तर एक सोडून एक असा ताऱ्याचा क्रम घ्यावा. चूक नुकतीच झाली असेल तर एवढ्यानेच थरथर जाते. बरेच किलोमीटर तशीच गाडी चालली असेल तर डिस्क आधीच असमान झिजलेली असते आणि मग पुढच्या तपासण्यांना पर्याय राहत नाही.

उष्णतेची तुलना

मोकळ्या रस्त्यावर ब्रेक शक्यतो न वापरता थोडे अंतर चालवून गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने एकाच अॅक्सलच्या, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीच्या, दोन्ही डिस्कचे तापमान पाहावे. एक बाजू दुसरीपेक्षा ठळकपणे गरम असेल तर त्या बाजूचे पॅड ब्रेक सोडल्यावरही डिस्कला चिकटून राहत आहेत. हात लावून पाहू नये, डिस्कने क्षणात कातडे भाजते. चिखलातून चालणाऱ्या गाड्यांत याचे कारण बहुतेकदा कॅलिपरच्या स्लाइड पिनमध्ये, म्हणजे कॅलिपर ज्यांवर मागे-पुढे सरकतो त्या दांड्यांमध्ये, सापडते.

चाक काढून: पॅड आणि स्लाइड पिन

सपाट, टणक जमिनीवर दुसऱ्या टोकाच्या चाकांना अडसर लावून गाडी उचलावी आणि ती स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात घालू नये. साठलेली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, कारण ती फुप्फुसांत जाते आणि फार जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनरने ती ओली करून पुसावी.

दोन्ही पॅड काढून शेजारी शेजारी ठेवावेत. कॅलिपरचे बहुतेक सगळे रोगनिदान या दोन तुकड्यांवर लिहिलेले असते. आतला आणि बाहेरचा पॅड जवळजवळ सारखे झिजले असतील तर कॅलिपर ठीक सरकतो आहे. एका बाजूला पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये आतला पॅड बराच जास्त झिजला असेल, तर स्लाइड पिन अडकल्या आहेत किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा पाचरीसारखा झिजला असेल, तर एक पिन मोकळी आणि एक जाम आहे किंवा ब्रॅकेटच्या ज्या खाचेत पॅडचे कान बसतात तिथे गंज फुगला आहे. घर्षणाचा थर ३ मिमीपर्यंत आला असेल तर पॅड बदलावेत. चिखलातल्या प्रवासाला निघण्यापूर्वी मी त्याहूनही आधी बदलतो, कारण वाळूमिश्रित चिखलात उरलेला थर एका दिवसातही लक्षणीय कमी होऊ शकतो.

मग प्रत्येक पिन बोटांनी आत-बाहेर सरकवून पाहावी. चांगली पिन किंचित विरोध करत गुळगुळीत सरकते, तिला पान्याची किंवा हातोडीची गरज पडत नाही. पिन बाहेर काढल्यावर ग्रीसऐवजी करड्या रंगाचा, दाताखाली वाळू यावी तसा रवाळ गाळ दिसला तर रबरी बूट फाटला आहे आणि पाणी आत गेले आहे. पिन व तिचे भोक स्वच्छ पुसावे, खड्डे पडलेली पिन बदलावी, बूट नवे घालावेत आणि कॅलिपरसाठी बनवलेले सिलिकॉनचे किंवा कृत्रिम ग्रीसच वापरावे. बेअरिंगला लावतात ते खनिज तेलाचे ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगते आणि पिन पूर्वीपेक्षा घट्ट अडकते.

हब आणि डिस्क: दुखण्याचे मूळ

ही तपासणी सर्वाधिक वेळा टाळली जाते आणि परत येणारी थरथर बहुतेकदा इथेच सापडते. डिस्क काढल्यावर हबच्या सपाट तोंडाकडे, विशेषतः नटांच्या बोल्टभोवती, नीट पाहावे. पाण्यातून जाणाऱ्या गाडीत बोल्टच्या बुडाशी गंजाचे गोल कडे तयार होते, त्याला नखाने खरवडले की पापुद्रे निघतात. गडबडीच्या कामात जुनी डिस्क ठोकून काढतात आणि नवी त्या पापुद्र्यांवरच बसवतात.

त्याचा परिणाम किती होतो ते साध्या गणिताने कळते. हबच्या तोंडाचा व्यास १४० मिमी आणि डिस्कचा ३०० मिमी धरला, तर हबच्या एका कडेखाली राहिलेला अवघा ०.०५ मिमीचा पापुद्रा डिस्कच्या कडेला ०.१ मिमीहून अधिक डोलवतो. बहुतेक गाड्यांसाठी डिस्कच्या डोलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपास असते, म्हणजे डोळ्यांना धड न दिसणाऱ्या एका पापुद्र्यात ती सगळी संपते.

एवढे डोलणे पहिल्या दिवशी पायाला जाणवत नाही, कारण कॅलिपर पिनवर सरकून ते सामावून घेतो. दोष हळूहळू पिकतो. ब्रेक लावलेला नसतानाही डिस्कचा उंच भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला स्पर्श करून जातो. कधी तो भाग घासून पातळ होतो, कधी त्यावर पॅडचा थर जमून जाड होतो. काही हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी ठिकठिकाणी वेगळी होते, ब्रेक लावल्यावर पिस्टन मागे-पुढे ढकलला जातो आणि ती धडधड ऑइलमार्फत पेडलपर्यंत पोहोचते. जाडीत ०.०२ मिमीचा फरकही पायाला कळतो. याला सर्रास डिस्क वाकली असे म्हटले जाते, पण उष्णतेने डिस्क खरोखर वाकण्याचे प्रकार फार थोडे असतात.

म्हणून हबचे तोंड तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करावे, बोल्टच्या बुडाशी असलेले कडे पूर्ण काढावे आणि डिस्कच्या पोटाची आतली बाजूही तशीच साफ करावी. मग डिस्क बसवून, सगळे नट वॉशरसह ठरलेल्या टॉर्कने आवळून, डायल गेजचे (मिलिमीटरचा शंभरावा भागही काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिमी आत टेकवावे आणि डिस्क हाताने एक पूर्ण फेरा फिरवावी. काटा मर्यादेपेक्षा जास्त हलला तर डिस्क काढून एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा बसवावी आणि पुन्हा मोजावे. हब आणि डिस्क या दोघांतली चूक एका स्थितीत बेरीज होते आणि दुसऱ्या स्थितीत एकमेकींना खाते. सर्व स्थिती पाहूनही आकडा उतरला नाही तर नवीच डिस्क तिच्याजागी बसवून तपासावी. तीही तितकीच डोलली तर हब वाकलेला आहे किंवा बेअरिंग सैल आहे.

जुनी डिस्क पुन्हा वापरायची की नाही, हे मायक्रोमीटरने ठरवावे. कडेपासून १० मिमी आत, फेऱ्यावर ८ ठिकाणी जाडी मोजावी. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, कोणत्याही जागी जाडी त्याखाली गेली असेल तर डिस्क बाद समजावी. डिस्कवर निळसर-काळे कठीण डाग असतील तर ते लेथवर घासूनही बऱ्याचदा परत उठतात. अतिउष्णतेने, म्हणजे साधारण ६५० ते ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर, तिथल्या बिडाचे स्वरूपच बदलून ते जास्त कठीण झालेले असते. अशी डिस्क बदलणेच योग्य.

ब्रेक ऑइल

ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. ऑइलचा दर्जा डॉट ३, डॉट ४ अशा नावांनी डब्यावर लिहिलेला असतो. डॉट ३ ऑइल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही किमान पातळी १४० अंश राहते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. उतारावर पेडल मऊ पडत असेल तर पॅड महाग घेण्यापेक्षा ताजे ऑइल भरणे जास्त उपयोगाचे ठरते. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल आहे, ते इतरांत कधीही मिसळू नये.

पॅड कोणते घ्यावेत

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ऑफ-रोड गाडीच्या ब्रेकवर दोन वेगळे भार पडतात, उष्णता आणि मातीचे घर्षण. उष्णतेचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब पाहावा. २,५०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगातून थांबवताना जितकी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते, त्याच्या सुमारे १२ पट ऊर्जा तीच गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर ३०० मीटर उंची उतरताना जाते, आणि तीही डिस्कला थंड करणारा वारा नसताना. उतारावर लो रेंज (फोर-व्हील ड्राइव्ह गाडीतली जास्त ताकदीची, संथ गिअरश्रेणी) आणि खालचा गिअर वापरण्याला पर्याय म्हणून कोणताही पॅड मिळत नाही, हे आधी मान्य करावे.

त्यानंतर निवड बरीच सोपी होते. सेंद्रिय पॅड शांत आणि मऊ असतात, पण उष्णतेत लवकर हात टेकतात आणि चिखलात भराभर झिजतात, त्यामुळे जड गाडीसाठी मी ते सुचवत नाही. सिरॅमिक पॅड रोजच्या डांबरी रस्त्यावर उत्तम आहेत, धूळ आणि आवाज दोन्ही कमी, आणि ज्यांची गाडी क्वचितच कच्च्या वाटेला लागते त्यांनी ते खुशाल घ्यावेत. नियमित चिखल, उतार आणि सामान असलेल्या गाडीसाठी अर्धधातू पॅड हीच माझी पहिली पसंती आहे. ते थोडा आवाज करतात, डिस्क थोडी जास्त झिजवतात आणि धूळही अधिक सोडतात, परंतु तापल्यावर साथ सोडत नाहीत. शर्यतीसाठीचे पॅड मात्र टाळावेत, कारण गार असताना त्यांची पकड कमी असते आणि ओढ्यातून बाहेर पडताना ब्रेक गारच असतात.

पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरे पाहावीत. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीनुसार पहिले अक्षर साधारण १०० ते २०० अंश तापमानातील घर्षण दाखवते आणि दुसरे त्याहून गरम, सुमारे ३४० अंशांपर्यंतचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल तर तो पॅड तापल्यावर कमजोर पडतो, म्हणून एफई छापलेल्या पॅडपेक्षा एफएफ घ्यावा. ही अक्षरे टिकाऊपणाविषयी काहीच सांगत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाची मोहोर असेल तर त्या पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असल्याचे तपासलेले असते. पुढे फार चढ्या घर्षणाचे आणि मागे साधे पॅड असे मिश्रण करू नये, त्याने पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल बिघडतो.

आणखी एक गोष्ट दुकानातच उलटून पाहावी, ती म्हणजे पॅडची लोखंडी पाठ. पाण्यात जाणाऱ्या गाड्यांत या पाठीवर चढलेला गंज घर्षणाचा थर खालून उचलतो आणि तो थर अखंड सुटू शकतो. पाठीवर गंजरोधक लेप आणि घर्षणाचा थर पकडून ठेवणारे लोखंडी आकडे असलेले पॅड मिळत असतील तर तेच घ्यावेत.

डिस्क कोणती घ्यावी

भोके पाडलेली डिस्क चिखलासाठी घेऊ नये. भोकांत माती घट्ट बसते आणि तापून थंड होण्याच्या चक्रात तडे भोकापासूनच सुरू होतात. चरे असलेली डिस्क पॅडचे तोंड साफ ठेवते आणि पाणी-चिखल बाहेर टाकते. त्याबदल्यात ती किंचित घरघर करते आणि पॅड लवकर झिजवते. सतत चिखलात असणाऱ्यांना हा सौदा परवडतो, इतरांना साधी, मधे हवेच्या वाटा असलेली, शक्यतो जास्त कार्बनच्या बिडाची डिस्क पुरेशी आहे. स्वस्त डिस्कमध्ये पाळ्या पातळ आणि मधल्या भिंती कमी असतात, म्हणून हातात घेऊन वजन मूळ डिस्कशी ताडून पाहावे. लोखंड कमी म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी. काही डिस्कमधल्या भिंती वाकड्या असतात आणि त्या डाव्या-उजव्या वेगळ्या असतात, त्यांची अदलाबदल करू नये. डिस्क नेहमी एका अॅक्सलची जोडी म्हणून बदलावी.

मोठे टायर घातले असतील तर ब्रेकला जास्त कष्ट पडतात. २९ इंची टायरच्या जागी ३३ इंची आले की तितक्याच मंदनासाठी सुमारे १४ टक्के जास्त टॉर्क लागतो, आणि टायरचे वाढलेले वजन वेगळेच. हा फरक चांगल्या अर्धधातू पॅडने काही अंशी भरून निघतो. त्यापुढे मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर लागतो, आणि तो संच रिमच्या आत मावतो की नाही हे मोजूनच घ्यावा.

बसवताना

नव्या डिस्कवरचे तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढावे. पिस्टन मागे ढकलताना टाकीतले ऑइल वर येते, ते रंगावर सांडू देऊ नये. मागच्या काही कॅलिपरमध्ये पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, आणि विजेवर चालणारा हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये घालावा लागतो. तिथे शिकंजा लावून जोर केला की मोटर तुटते. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे. मग मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावावा आणि त्यानंतर ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिले तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नटांचा टॉर्क पुन्हा तपासावा.

इथे थांबावे आणि मेकॅनिकला बोलवावे

पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, ऑइल कुठूनही गळत असेल, पेडल दगडासारखे कठीण लागत असेल किंवा ब्रेकचा अथवा एबीएसचा दिवा जळत असेल, तर गाडी चालवू नये आणि स्वतः काही उघडूही नये. डिस्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचलेला तडा दिसला तर ती डिस्क त्याच क्षणी बाद. पिस्टनचा रबरी बूट फाटून पिस्टनवर गंज आला असेल, चाक वर-खाली धरून हलवल्यावर बेअरिंगमध्ये खेळ जाणवत असेल, हब साफ करूनही डायल गेजचा आकडा उतरत नसेल किंवा ऑइलच्या नळ्या उघडाव्या लागणार असतील, तर तेही घरी करण्याचे काम नाही. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत नळ्यांतली हवा पूर्ण काढायला संगणकाचे उपकरण लागते.

गॅरेजमध्ये गाडी देताना केवळ पॅड-डिस्क बदला असे सांगू नये. हब साफ करून डिस्कचे डोलणे मोजा आणि प्रत्येक चाकाचा आकडा बिलावर लिहून द्या, असे सांगावे. ज्या गॅरेजकडे डायल गेज नाही, त्याला हे काम देऊ नये.